दुःख ओळखू येत नाही तेव्हा

माणूस गेल्याचं कळल्यावर भेटायला आलेले लोक दारातच हळू आवाजात विचारतात, "रडली का ती?" उत्तर ‘नाही’ असं आलं की चेहऱ्यांवर काळजी पसरते. "रडवा तिला. मोकळी होऊ दे. आत साठलं तर वाईट." असं म्हणणाऱ्यांच्या मनात मायाच असते, याबद्दल मला शंका नाही. पण त्या मायेला दुःखाचा एकच चेहरा ओळखीचा असतो, आणि तो ओला असतो. कोरडा, चिडलेला, कामात बुडालेला किंवा चक्क हसणारा चेहरा समोर आला की ती गोंधळते. मग कुजबुज सुरू होते. हिला काही वाटलेलं दिसत नाही. हा बघा, आठवड्यात कामावर हजर.

बाबा गेले तेव्हा आमच्या घरात एकाच माणसाचं दुःख चार तऱ्हांनी आलं. आई कपाट उघडून फायली काढून बसली. पेन्शनचे कागद, विम्याचे कागद, बँकेत नॉमिनी कोण, सगळं ती एकेक करून लावत होती, आणि कुणी हात लावला की "राहू दे, मला कळतंय" म्हणत होती. दादा सगळ्यांवर खेकसत होता. कुणी दार जोरात लावलं, कुणी पंखा चालूच ठेवला, एवढ्यावरून त्याचा आवाज चढायचा. ताई रडली, पोटभर रडली, आणि तिच्याजवळच सगळे जाऊन बसले. मला झोप आली. खोल, निवांत झोप, जशी कित्येक महिन्यांत आली नव्हती. त्या झोपेबद्दल पुढे लिहिते, कारण तिचं कारण समजायला मला बरंच वाचावं लागलं.

आधी ते ‘आत साठण्या’चं. न रडलेलं दुःख आत कुठेतरी तुंबतं आणि एक दिवस बांध फोडतं, ही समजूत फार जुनी आहे आणि मानसशास्त्रानंही ती बरीच वर्षं बाळगली. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनॅनो यांनी जोडीदार गमावलेल्या वयस्क माणसांचा अभ्यास केला. त्यातली बरीचशी माणसं जोडीदार जिवंत असतानाच अभ्यासात सामील झालेली होती, त्यामुळे आधी कसे होते आणि नंतर कसे झाले हे दोन्ही ताडून बघता आलं. जवळपास निम्मी माणसं दुःखी झाली, आठवणीनं व्याकूळ झाली, पण रोजचं जगणं सांभाळून राहिली. आणि ज्यांनी सुरुवातीला फार आकांत केला नाही, ती पुढे उशिरानं कोसळली, असं काही आढळलं नाही. हे वाचून मला आईच्या फायली आठवल्या आणि फार बरं वाटलं. तिला त्या दिवसांत किती जणांनी रडवायचा प्रयत्न केला होता!

दुसरी समजूत तर जवळपास सगळ्यांनाच पाठ असते. दुःखाचे पाच टप्पे: नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली ते मांडले, आणि मांडले ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या माणसांबद्दल ते नव्हतेच. पुढे ते कुठल्याही नुकसानाला लावले गेले, घटस्फोटाला, नोकरी जाण्याला, आणि अर्थातच मृत्यूला. शेवटच्या काळात त्यांनी स्वतःही लिहिलं की हे टप्पे भावनांना नीट घड्या घालून ठेवण्यासाठी नव्हतेच. पण तोवर उशीर झाला होता. मला त्या यादीचा राग येतो तो एवढ्यासाठी, की दुःखातली माणसं स्वतःला तिच्यावर तपासायला लागतात. "मला राग आलाच नाही, म्हणजे मी अजून नकारातच आहे का?" असं एका मैत्रिणीनं मला अगदी घाबऱ्या आवाजात विचारलं होतं. नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या वर्षात तिनं एकटीनं काय काय पेललं होतं ते मी पाहिलेलं, आणि तिला वाटत होतं की आपण कुठेतरी नापास झालो आहोत.

मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांची गोष्ट मला या संदर्भात फार महत्त्वाची वाटते. १९१७ साली त्यांनी शोकाबद्दल एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा गाभा असा, की शोक हे एक काम आहे. गेलेल्या माणसात गुंतलेला जीव एकेका आठवणीतून सोडवून घ्यायचा, आणि तो पूर्ण सुटला की माणूस पुन्हा नव्यानं कुणात तरी गुंतायला मोकळा होतो. या विचाराचा दबदबा पुढची कित्येक दशकं राहिला. ‘आता सोड’, ‘पुढे चल’, ‘विसरायला शीक’ या सल्ल्यांच्या मुळाशी बराचसा तोच आहे. पण १९२० च्या जानेवारीत त्यांची मुलगी सोफी इन्फ्लुएन्झानं गेली. ती सव्वीस वर्षांची होती. तीन वर्षांनी तिचा लहानगा मुलगाही गेला, जेमतेम साडेचार वर्षांचा, ज्याच्यावर फ्रॉइड यांचा विलक्षण जीव होता. १९२९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी लुडविग बिन्सवांगर या मित्राला पत्र लिहिलं. बिन्सवांगर यांचा मुलगा नुकताच गेला होता. सोफी असती तर त्या सुमारास छत्तीस वर्षांची झाली असती, असं त्यांनी पत्रात लिहिलं, आणि पुढे लिहिलं की तीव्र शोक ओसरतो, पण आपलं समाधान कधीच होत नाही, त्या माणसाची जागा दुसरं काहीच घेऊ शकत नाही, आणि ते तसंच असायला हवं, कारण जे प्रेम आपल्याला सोडायचं नसतं ते जपण्याचा तोच एक मार्ग आहे.

निबंधाला बारा वर्षं झाली होती, मुलगी जाऊन नऊ. सिद्धांत मांडणाऱ्या माणसाच्या घरात मृत्यू आला, आणि सिद्धांतात न बसणारं दुःख त्यानं एका मित्राला प्रामाणिकपणे लिहून कळवलं. त्या पत्रातला बाप मला निबंधातल्या विद्वानापेक्षा जास्त जवळचा वाटतो.

त्या बापाला जे ठाऊक होतं ते अभ्यासकांच्या भाषेत यायला बराच काळ गेला. १९९६ मध्ये डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘चालू राहणाऱ्या नात्यां’बद्दल लिहिलं. माणूस जातो, नातं जात नाही, त्याचं रूप बदलतं. गेलेल्या माणसाशी मनात बोलणं, निर्णय घेताना ‘तो काय म्हणाला असता’ असा विचार करणं, त्याचा शर्ट ठेवून देणं, यात काही बिघाड नाही. आई आजही टीव्हीवर बातम्या लागल्या की बाबांच्या खुर्चीकडे बघून "ऐकलंत का?" म्हणते. पूर्वी मला ते ऐकून पोटात कसंसंच व्हायचं. आता मी मध्ये काही बोलत नाही. तो संवाद त्या दोघांचा आहे.

आणि फायली? १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या दोघांनी मांडलेली कल्पना मला आईच्या बाबतीत पटली. शोकातला माणूस दोन कामांमध्ये सारखा ये-जा करत असतो. एक काम दुःखाचं: आठवणं, रडणं, झुरणं. दुसरं जगण्याचं: कागदपत्रं, बिलं, आतापर्यंत दुसऱ्यानं केलेली आणि आता आपल्या अंगावर आलेली कामं शिकणं. या ये-जा करण्यातच सावरणं असतं. दुपारी फॉर्म भरणारी आणि रात्री उशीत तोंड खुपसणारी बाई एकच असते. बाहेरच्यांना फक्त दुपार दिसते.

शरीराबद्दल आपण कमी बोलतो. २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री बोस्टनमधल्या कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसं दगावली. त्यानंतर एरिक लिंडमन या मानसोपचारतज्ज्ञांनी आगीत आप्त गमावलेल्यांना आणि शोकात असलेल्या इतरांना तपासलं आणि १९४४ मध्ये आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली. त्यात भावनांच्याही आधी शरीर येतं: घसा आवळणं, श्वास अपुरा पडणं, सारखे उसासे, पोटात पोकळी, हातापायांतलं त्राण जाणं. हे झटक्यासारखं येतं, वीस मिनिटं ते तासभर टिकतं आणि ओसरतं. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. अनेक जण चिडखोर झाले होते, ज्यांच्याशी एरवी प्रेमानं वागायचे त्यांच्याच अंगावर जात होते, आणि आपल्याला वेड लागतंय की काय या भीतीनं ते लपवत होते. दादाचा चढलेला आवाज मला तिथे, त्या जुन्या नोंदींत सापडला.

म्हातारी गेली आणि म्हाताऱ्यानं हाय खाल्ली, असं आपण सहज बोलून जातो. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये कॉलिन मरे पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ वर्षांवरच्या ४,४८६ विधुरांची आकडेवारी प्रसिद्ध केली. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त होतं, आणि त्यातले बरेच मृत्यू हृदयविकाराचे होते. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी एक वेगळाच विकार नोंदवला. तीव्र धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा अचानक फुगतो आणि नीट आकुंचन पावत नाही. छातीत कळ येते, ईसीजी बिघडतो, पण रक्तवाहिन्या तपासाव्यात तर त्यांत हृदयविकाराला कारण ठरेल असा अडथळा सापडत नाही. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. हा विकार जास्त करून पाळी गेलेल्या स्त्रियांना होतो. म्हणून जवळचं माणूस गमावलेल्या बाईनं ‘छातीत दुखतंय’ म्हटलं, तर ‘मनाचे खेळ’ म्हणून तिची बोळवण करू नये. तिला डॉक्टरांकडे न्यावं, आणि त्याच दिवशी न्यावं.

आता माझ्या झोपेचं. बाबांना डिमेन्शिया होता. आधी शब्द गेले, मग रस्ते, मग आमची नावं. एका संध्याकाळी त्यांनी माझ्याकडे बघून अतिशय सभ्यपणे विचारलं, "आपण कुठून आलात?" त्या क्षणी मी काहीतरी उत्तर दिलं, स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. बाबा बाहेर बसलेले होते, त्यांचा खोकला ऐकू येत होता, आणि मला बाप नव्हता. त्या दिवशी कुणी भेटायला आलं नाही. येणार तरी कसं?

अमेरिकेच्या पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांवर काम केलं. नवरा मेला असं कुणी सांगत नाही, परत येईल असंही कुणी सांगत नाही. त्यातून त्यांनी संदिग्ध नुकसानाची कल्पना मांडली. तिचे दोन प्रकार. एकात माणूस शरीरानं नाही पण मनात हजर आहे: बेपत्ता माणूस, परागंदा झालेला मुलगा. दुसऱ्यात माणूस शरीरानं समोर आहे पण त्याचा तो राहिलेला नाही: डिमेन्शिया, मेंदूची गंभीर इजा, खोल व्यसन. दोन्हींत शेवट होत नाही, म्हणून दुःखाला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. माझ्या मते दुःखाच्या सगळ्या रूपांत हे सर्वांत थकवणारं आहे. बेपत्ता माणसाच्या घरी आशा सोडणं ही फितुरी वाटते आणि आशा धरणं हा रोजचा छळ होतो. डिमेन्शियाच्या घरी माणूस रोज थोडाथोडा जातो आणि रोज त्याला आंघोळ घालायची असते, औषध द्यायचं असतं, पडू नये म्हणून रात्री जागायचं असतं. शोकाला बसायला वेळच नसतो.

त्यामुळे बाबा खरोखर गेले तेव्हा माझा मोठा शोक मागेच, त्या ओट्याशी आणि तसल्या शेकडो क्षणांत, होऊन गेला होता. जे उरलं ते सुटकेचं होतं. त्यांच्या सुटकेचं आणि माझ्याही. हे उघड म्हणायला जीभ धजत नाही, कारण लोकांना ते प्रेमाच्या विरुद्ध वाटतं. मला ते प्रेमाच्याच पोटातलं वाटतं. ज्यांनी दीर्घ आजारपण काढलेलं आहे, ते हे डोळ्यांनी एकमेकांना सांगतात. बोनॅनो यांच्या अभ्यासातही एक छोटा गट असा होता की जोडीदार जिवंत असताना तो खचलेला होता आणि जोडीदार गेल्यावर सावरला. अशा माणसाला कुणीतरी सांगायला हवं की सुटलो असं वाटणं आणि आठवण येणं एकाच दुपारी होऊ शकतं. मला बाबांची आठवण आली ती पुढे, आणि आजारी बाबांची नाहीच. सायकलवर दांडीवर बसवून, मान वळवून मला पाढे विचारणाऱ्या बाबांची. डिमेन्शियानं त्यांना झाकून टाकलं होतं. ते गेल्यावर जुने बाबा मला परत मिळाले आणि त्यांच्यासाठी मी रडले. तेव्हा घरी भेटायला येणारं कुणी नव्हतं.

काही दुःखांना तर भेटायला येण्याची सोयच नसते. केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा शोकाबद्दल लिहिलं, ज्याला समाज हक्कच देत नाही. घटस्फोट झालेल्या नवऱ्याचा मृत्यू. जे नातं जगापासून लपवलेलं होतं त्यातल्या माणसाचा मृत्यू. पंधरा वर्षं सोबत राहिलेलं कुत्रं. आत्महत्येनं गेलेला माणूस, ज्याच्याबद्दल घरातही कुजबुजत बोलतात. आणि गर्भपात. माझ्या ओळखीतल्या एका बाईचं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. तिला सगळे म्हणाले, "अजून वय आहे, होईल दुसरं." त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण तिच्या मनात त्या बाळाचं नाव होतं, त्याचं पुढच्या वर्षाचं वेळापत्रक होतं, ते कुणासारखं दिसेल यावरून नवऱ्याशी झालेलं लाडिक भांडण होतं. दुसरं मूल झालं, सुदृढ आणि गोड. तरीही दरवर्षी एका ठरावीक तारखेला ती गप्प असते. ती तारीख तिच्या नवऱ्याला आणि मला, दोघांनाच ठाऊक आहे. नवराही त्या दिवशी गप्प असतो, फक्त त्याला तर त्या वेळीही कुणी ‘तू कसा आहेस’ असं विचारलं नव्हतं. "तिची काळजी घे" एवढंच सांगितलं होतं.

हे सगळं लिहिताना एक धोका मला दिसतो. दुःखाची सगळी रूपं साहजिक आहेत असं म्हणत गेलं की ज्याला खरंच मदत हवी आहे तोही ‘साहजिकच आहे’च्या यादीत जाऊन बसतो. काही माणसांचा शोक हलतच नाही. वर्ष उलटलं तरी ओढ तेवढीच तीव्र, जगण्यात अर्थ नाही ही भावना रोजची, आपलाच एक तुकडा मेला असं वाटणं, माणूस गेला यावर विश्वासच न बसणं, आणि रोजची कामंही न जमणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात दीर्घकालीन शोकविकाराचा समावेश आहे. तिथे किमान सहा महिन्यांची मुदत आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या त्याच वर्षीच्या नियमावलीत प्रौढांसाठी बारा महिन्यांची. शोकाला आजार ठरवलं म्हणून यावर पुष्कळ टीका झाली, आणि ती मला समजते. मूल गेलेल्या आईला वर्षाची मुदत कोण देणार? तरीही मी या निदानाच्या बाजूनं आहे. कारण शोकासाठीच आखलेले उपचार आहेत, त्यांचा उपयोग होतो, आणि ‘वेळ हेच औषध’ म्हणत कित्येक जणांना त्यांच्यापासून दूर ठेवलं जातं. आणि कुणी ‘मलाही त्याच्याकडे जायचंय’ म्हणत असेल, तर कसलीही मुदत मोजायची नसते. त्याच क्षणी त्याला एकटं सोडायचं नाही आणि डॉक्टरांपर्यंत न्यायचं.

मुलांचं दुःख मोठ्यांना सगळ्यांत कमी ओळखू येतं. आजी गेल्याचं ऐकून हमसून रडणारं पोर दहा मिनिटांनी बाहेर खेळत असतं, आणि मोठी माणसं म्हणतात, "त्याला काय कळतंय." त्याला त्याच्या वयाएवढं कळतं. लहान मुलं फार वेळ दुःखात राहू शकत नाहीत. ती आत जातात, बाहेर येतात, पुन्हा आत जातात. मृत्यू म्हणजे परत न येणं, हेही साधारण पाचव्या ते सातव्या वर्षापर्यंत हळूहळू उमगत जातं. "आजी झोपली आहे" असं सांगितलं तर काही मुलांना झोपेचीच भीती बसते. म्हणून ‘मेली’ हा शब्द वापरावा, कितीही जड गेला तरी. आणि मूल मोठं होत जातं तसं ते नुकसान त्याला नव्यानं कळत जातं. सहाव्या वर्षी आई गेलेल्या मुलीला तिची आई सोळाव्या वर्षी पुन्हा एकदा जाते, लग्नात पुन्हा एकदा, बाळंतपणात पुन्हा.

माझ्या दुसऱ्या एका मैत्रिणीच्या बाबतीत हेच झालं. तिची आई ती पहिलीत असताना गेली. तिच्या सगळ्या वाढत्या वयात मी तिला आईबद्दल रडताना पाहिलेलं नाही. "मला फारसं आठवतच नाही" असं ती सहजपणे सांगायची. मुलगी झाली आणि पहिल्या महिन्यात, एका रात्री बाळ काही केल्या झोपेना, तेव्हा ती हंबरडा फोडून रडली. नवऱ्याला वाटलं, दमली आहे. दमलेली होतीच. पण तिला आईला एक प्रश्न विचारायचा होता: मी अशी रडायचे तेव्हा तू काय करायचीस? हा प्रश्न तिला त्याआधी पडण्याचं कारणच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं मावशीला फोन केला. मावशी तेव्हा लग्नाची व्हायची होती, त्याच घरात होती. आता दोघी जवळजवळ रोज बोलतात. मैत्रीण विचारते, मावशी आठवून आठवून सांगते: आई तुला खांद्यावर पालथं घालायची, खिडकीशी न्यायची, गाणं येत नव्हतं म्हणून बसचे थांबे क्रमानं म्हणायची. मैत्रीण आता मुलीला घेऊन तेच थांबे म्हणते. मावशीला मधले दोन आठवत नाहीत, आणि ते सांगू शकणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.